चित्रप्रदर्शनात कुणाचा पोर्ट्रेट फोटो काढताना: दिवे चित्रासाठी असतात

(दृश्य : पांढरी भिंत, वरून चित्रावर पडलेला प्रकाश.)

कलादालनातले दिवे चित्रासाठी लावलेले असतात. छतालगतचा दिवा साधारण ३० अंशांत भिंतीकडे कललेला असतो, म्हणजे चित्रावर चकाकी येत नाही. पण त्याच चित्राला पाठ करून कुणी उभं राहिलं, की प्रकाश डोक्यावरून येतो. कपाळ पांढरंफटक, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली थेट ओठांवर. कॅमेरा कितीही भारी असो, जागा बदलल्याशिवाय ही सावली हटत नाही.

तेव्हा त्या व्यक्तीला चित्राकडे वळवा. भिंतीपासून मीटरभर अंतर, खांदे चित्राकडे, चेहरा जरासा कॅमेऱ्याकडे. आता उजळलेली भिंतच रिफ्लेक्टरचं काम करते. हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा आणि बुबुळात प्रकाशाचा ठिपका दिसतो का ते बघा. दिसला, की जागा जमली. मात्र समोर मोठा लाल कॅनव्हास असेल, तर एकच गाल लालसर होतो, आणि एडिटिंगमध्ये ते निस्तरणं फार जिकिरीचं. अशा वेळी सरळ दुसरं चित्र निवडावं.

(दृश्य : तोच चेहरा, आधी भिंतीला पाठ, मग भिंतीकडे.)

फ्लॅश बहुतेक दालनांत चालत नाही; चालला तरी काचेवर पांढरा डाग उमटतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, १६०० ते ३२०० ठेवा. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, परवडतो, हललेला डोळा नाही. शटर १/१०० सेकंद. वीज ५० हर्ट्झची असेल, तर साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगवान केलं की फोटोत आडव्या पट्ट्या येऊ शकतात. सायलेंट इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये त्या जास्त दिसतात. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२५.

लेन्स ५० ते ८५ मिलिमीटरची. मागचं चित्र ओळखू यायला हवं असेल, तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवा; एफ/१.८ला त्याचे नुसते रंगाचे डाग उरतात, आणि फोटो त्या चित्रकाराचाच असेल, तर ते अजिबात बरं नाही. पांढऱ्या भिंतीमुळे कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो, चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

(दृश्य : काचेच्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याचं प्रतिबिंब.)

काचेसमोर सरळ उभं राहू नका, तिरके व्हा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, हाही तिरक्या कोनातच उपयोगी पडतो, शिवाय दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो. मागच्या फ्रेमची कड डोक्यातून उगवल्यासारखी दिसत असेल, तर अर्धं पाऊल बाजूला सरका.

पाठीवरची बॅग आधीच उतरवून ठेवा, मागे सरकताना शिल्पाला धक्का लागतो. फोटोची परवानगी त्या व्यक्तीची, दालनाची आणि चित्र ओळखू येणार असेल तर चित्रकाराचीही घ्या. आणि प्रत्येक पोर्ट्रेटनंतर लगेच चित्राशेजारच्या माहितीपट्टीचा एक फोटो काढा: नाव, माध्यम, साल, सगळं फोटोखालच्या ओळीसाठी हाताशी राहतं.