कॅलिफोर्नियाच्या कला समर स्कूलचा अर्ज कसा करावा

नमस्कार श्रोतेहो. घरात आठवी ते बारावीतलं मूल आहे आणि ते चित्रात, लेखनात, संगीतात किंवा नाटकात मनापासून रमतं, अशा घरांसाठी आजचं बोलणं आहे. विषय आहे कॅलिफोर्निया स्टेट समर स्कूल फॉर द आर्ट्स या निवासी उन्हाळी शाळेचा अर्ज. राज्याने कायदा करून ही शाळा स्थापन केली आणि तिचं पहिलं सत्र १९८७ साली झालं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला व्हॅलेन्सिया इथे, कॅलआर्ट्स या कलासंस्थेच्या आवारात ती भरत आली आहे. कॅलआर्ट्स म्हणजे वॉल्ट डिस्ने यांनी १९६१ मध्ये एक संगीत विद्यालय आणि एक चित्रकला विद्यालय एकत्र करून उभी केलेली संस्था. टिम बर्टन, ब्रॅड बर्ड, जॉन लॅसेटर हे नावाजलेले चित्रपट दिग्दर्शक तिथेच शिकले. म्हणूनच अ‍ॅनिमेशनकडे मुलांचा ओढा फार, आणि चुरसही.

सत्र चार आठवड्यांचं. मुलं वसतिगृहात राहतात. अ‍ॅनिमेशन, चित्रकला, लेखन, चित्रपट, संगीत, नृत्य आणि नाटक असे सात विभाग आहेत. अर्ज करताना विभाग ठरवावा लागतो, आणि प्रत्येक विभागाची मागणी वेगळी.

मुदत सहसा फेब्रुवारीअखेर संपते. तयारी मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू करा. कारण निवड करणाऱ्यांसमोर मूल नसतं, त्याने पाठवलेलं काम असतं. आणि जे काम ते शोधतात, ते जानेवारीच्या दोन शनिवार-रविवारी होत नाही.

आता चित्रांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त अर्ज तिथेच फसतात. महाराष्ट्रात शिकलेल्या आईबाबांपैकी कितीतरी जणांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या असतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र, स्वच्छ कडा, सपाट रंग. त्या शिस्तीचं मोल आहेच. पण ‘चित्र पूर्ण आणि नीटनेटकं हवं’ हा त्यातून आलेला आग्रह इथे आड येतो. इथे पाहिलं जातं ते हे, की मूल समोरची गोष्ट डोळ्यांनी कशी पाहतं. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. हे मुलाच्या रेषेत दिसतं का? फोटोवरून हुबेहूब उतरवलेला नटाचा चेहरा कितीही गुळगुळीत असला, तरी त्यात हे दिसत नाही, कारण पाहण्याचं काम कॅमेऱ्याने आधीच करून टाकलेलं असतं. आवडत्या जपानी कार्टूनमधली पात्रं पुन्हा काढण्याचंही तसंच. डोळे, केस, उभं राहण्याची ढब, सगळे निर्णय दुसऱ्या चित्रकाराचे.

उपाय साधा आहे. एक स्केचबुक कायम दप्तरात. रोज वीस मिनिटं प्रत्यक्षातली माणसं काढायची: ३० सेकंदांची दहा रेखाटनं, दोन मिनिटांची पाच, उरलेल्या वेळात एक हात किंवा एक पाऊल. बस स्टॉप, वाचनालय, भारतीय किराणा दुकानातली रांग, आणि हो, मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवणारे. हलणारी माणसं हवीत. खोडरबर घरी ठेवा. रेघ चुकली तर बाजूला दुसरी काढायची. चार महिन्यांत अशी पन्नास-साठ पानं होतात आणि त्यातली पाच-सहा पाठवण्याजोगी निघतात. त्या पानांवर खाडाखोड असली तरी चालेल, ती विचाराची खूण आहे.

विभाग जे ठरावीक विषय देतो, त्यांचा कागद छापून घ्या आणि प्रत्येक अट अधोरेखित करा. अटी बदलू शकतात, त्यामुळे मोठ्या ताईच्या वेळचा कागद वापरू नका. पूर्ण उभं स्वचित्र मागितलं असेल तर छातीपर्यंतचं चालत नाही. आरशात बघून काढा म्हटलं असेल तर सेल्फीवरून काढलेलं ओळखू येतं, कारण फोन जवळ धरला की नाक मोठं आणि कान मागे पडलेले दिसतात. खोली काढायला सांगितली असेल तर आधी क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची, ठरवा. टेबल एका उंचीवरून आणि खिडकी दुसऱ्या उंचीवरून पाहिलेली, ही मुलांची नेहमीची चूक.

चांगलं चित्र वाईट फोटोमुळे मरतं. कागद भिंतीवर उभा लावा, खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही असा. घरातले पिवळे दिवे बंद ठेवा, नाहीतर अर्धा कागद निळसर आणि अर्धा पिवळट येतो. फोन चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि कागदाला समांतर धरा. दोन पावलं मागे जाऊन थोडं झूम करा, म्हणजे कडा वाकत नाहीत. छोटी चित्रं ३०० डीपीआयवर स्कॅन करा, पण स्कॅनर ‘फोटो’वर ठेवून. ‘डॉक्युमेंट’वर ठेवला तर तो पेन्सिलच्या फिकट रेघा कचरा समजून पुसून टाकतो. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात साठतात आणि कित्येक अर्जांच्या संकेतस्थळांवर ते चढत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की नवे फोटो जेपेग होतात.

संगीताच्या ध्वनिचित्रफितीसाठी फोन सहा-आठ फुटांवर स्टँडला लावा, चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा. मध्ये जोड नको, रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, नको. तबला, हार्मोनियम किंवा हिंदुस्थानी गायन करणाऱ्या मुलांनी, तसंच कथक-भरतनाट्यमवाल्यांनीही, आधी विभागाला ईमेल करून विचारावं की त्या वर्षी या शैलीतलं काम पाहिलं जाईल का आणि वर्गात काय शिकवलं जाईल. हा प्रश्न विचारायला लाजू नका. चार आठवडे मुलाला तिथे काढायचे आहेत. लेखनाच्या विभागात पानांची मर्यादा पाळा आणि जे मुलाने ऐकलं-पाहिलं आहे त्यावरचं लिखाण पाठवा. आजीच्या बोलण्यातला एखादा मराठी शब्द इंग्रजी कवितेत आला, तर तो काढून टाकू नका.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विचारा आणि निदान तीन आठवडे द्या. गणिताच्या सरांनी ‘हुशार, नम्र’ म्हणून काही साधत नाही. ज्यांनी मुलाला काम करताना, फसताना, पुन्हा करताना पाहिलं आहे, ते शिक्षक हवेत. त्यांना अर्ध्या पानाचं टिपण द्या: यंदा मुलाने काय केलं, काय पाठवत आहे, शेवटची तारीख कोणती. पत्र ऑनलाइन मागवलं जात असेल तर ती विनंती शाळेच्या ईमेलमध्ये स्पॅममध्ये जाऊन पडू शकते. आठवड्याने पत्र पोहोचल्याची खात्री करा.

निवेदन मुलानेच लिहावं. ‘लहानपणापासून मला कलेची आवड आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असतं, त्यातून काहीच कळत नाही. ‘मला हात काढता येत नाहीत, म्हणून महिनाभर बाबा भाजी चिरत असताना त्यांचे हात काढले’ यातून कळतं. आईबाबांनी स्पेलिंग बघावं आणि तिथेच थांबावं. मोठ्यांनी सजवलेली, किंवा एआयने लिहून दिलेली भाषा स्केचबुकातल्या रेषेशी जुळत नाही, आणि मुलाचा खरा आवाज त्यात हरवतो.

चित्रफितीची लिंक द्यायची असेल तर यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, ‘प्रायव्हेट’ नको. प्रायव्हेट लिंक तुमच्या घरी उघडते, परीक्षकांकडे उघडत नाही. दुसऱ्याच्या फोनवर उघडून खात्री करा. फाइलच्या नावात आडनाव, विभाग आणि क्रमांक असू द्या. मुदतीच्या चार दिवस आधी सगळं चढवून टाका. शेवटच्या रात्री संकेतस्थळ मंदावतं, आणि न्यू जर्सीत बसलेल्यांचा पॅसिफिक, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या, वेळेत घोटाळाही होतो.

खर्चाबद्दल दोन गोष्टी. राज्याबाहेरच्या मुलांना फी जास्त आणि जागा थोड्या असतात. गरजू कुटुंबांसाठी आर्थिक मदत आहे. तिची कागदपत्रं, म्हणजे कराची विवरणपत्रं वगैरे, अर्जाबरोबरच काढून ठेवा. ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून तो भाग कोरा सोडू नका.

निकाल वसंतात येतो. निवड झाली तर होकार कळवायला थोडेच दिवस मिळतात, आणि पुढे डॉक्टरांच्या सहीचा आरोग्य फॉर्म आणि लसीकरणाची नोंद लागते. डॉक्टरांची वेळ लगेच घ्या. आणि सुट्टीत भारतात जायचा बेत असेल तर तिकिटं निकालानंतरच काढा. चार आठवडे पूर्ण हजर राहावं लागतं, पहिला आठवडा पुण्यात काढून मागून आलेलं चालत नाही.