घोंगडं अंगावर आलं की

(दृश्य : बेळगाव, वडगावची एक गल्ली. सकाळ.)

यंत्रमागांचा खडखडाट सुरू झालाय. याच गल्लीतल्या एका माडीवर एक मुलगी आरशासमोर उभी आहे. अंगावर घोंगड्याचा पायघोळ झगा. तिच्या मैत्रिणीनं महिनाभर खपून केलेला. रंग एकही घातलेला नाही. मेंढीच्या पाठीवर होता तोच काळा, तोच करडा.

(जवळून : झग्याची बाही)

हा धागा बघा. कुठं जाड, कुठं बारीक. चरख्यावर बाईच्या बोटांतून सुटला तसाच राहिलाय. आणि कापडाचा हा ताठपणा चिंचोक्याच्या खळीचा. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ कुंच्यानं ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांवर, फिरवायची. दख्खनी मेंढीची लोकर भरड, अंगाला टोचते, म्हणून लोक नाक मुरडतात. मला तर तिचा तो भरडपणाच देखणा वाटतो.

अंगावर घालायच्या अशा कलाकृतींचा एक मोठा सोहळा न्यूझीलंडमध्ये होतो. तोही मेंढरांचाच मुलूख. १९८७ साली नेल्सनमध्ये, एका ग्रामीण कलादालनाकडं लोकांची पावलं वळावीत म्हणून तो सुरू झाला. २००५ पासून तो वेलिंग्टनला भरतो.

(दृश्य : झगा घालून मंचावर चालायची तालीम)

पहिल्या दिवशी ती भराभर चालली, टीव्हीवर बघितलेलं तसं. झगा मागं ओढला, खांद्यावरून घसरला. भिंतीला टेकून बसलेले विणकर मामा उठले. चिकोडीकडचे. घरात कन्नड, आमच्याशी मराठी.

"पळतीस कशाला पोरी? वजन हाय त्याला. त्याला चालू दे की."

त्यांनी झगा उतरवायला लावला. साधं घोंगडं घेतलं, एक कोपरा आत दुमडून खोळ केली आणि तिच्या डोईवर ठेवली. "आता पावसात मेंढरामागनं चाल."

ती चालली. पाऊल रोवून, मान न हलवता. घोंगड्याचा काठ पोटऱ्यांवर आपटत राहिला. धप, धप. मग तिनं पुन्हा झगा चढवला, आणि या खेपेला तो खांद्यावरून हलला नाही.

(दृश्य : माळावर कातरलेल्या लोकरीचा ढीग)

लोकर विकून कातरणीची मजुरीही निघत नाही. मग ती रानातच टाकून द्यायची. विणकर ज्यात पाय सोडून बसतो ते मागाचे खड्डे बुजत चालले. म्हणून माझं एक मागणं आहे : असा झगा मंचावर येईल तेव्हा शिवणारीच्या नावाबरोबर विणणाऱ्याचं आणि कातणारीचंही नाव पुकारा.

(दृश्य : शेवटची तालीम)

ती मधोमध थांबते. वळते. पाठीवर दोन पट्ट्या जोडणारी उभी शिवण दिसते. मामांच्या शेजारी बसलेल्या मामी उठून पुढं येतात, शिवणीवरून बोट फिरवतात.

"ह्यो टाका माझा हाय."