उरलेल्या सीरमची साक्ष

(दृश्य : फ्रीझर उघडतो, वाफ, कुप्यांचे ट्रे)
उणे ३० अंश. जाड हातमोज्यांशिवाय इथे हात घालता येत नाही. रक्त साकळल्यावर वर उरणारा द्रव म्हणजे सीरम. अमेरिकी सैन्यदलांचं सीरमचं भांडार मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला आहे, तेही याच तापमानाला. भरतीच्या वेळी एचआयव्ही तपासणीसाठी सैनिकाचं रक्त घेतात, पुढे साधारण दर दोन वर्षांनी पुन्हा. उरलेलं सीरम तारीख घालून गोठवतात.

(दृश्य : सेंट्रिफ्यूज, पिपेट)
नळी अर्धा तास उभी ठेवली की रक्त साकळतं. मग ती दहा मिनिटं फिरवायची. तळाला लाल गुठळी, वर पिवळसर सीरम. पिपेटचं टोक गुठळीला लागू द्यायचं नाही. तांबड्या पेशी फुटल्या की सीरम गुलाबी होतं आणि चाचणी फसू शकते. एका मोठ्या कुपीपेक्षा छोट्या चार बऱ्या, कारण वितळवून पुन्हा पुन्हा गोठवलं तर अँटीबॉडी, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, खराब होऊ शकतात.

एपस्टाइन-बार विषाणू ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात असतो. तो मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णात सापडला, म्हणून काय सिद्ध झालं? आधी विषाणू की आधी आजार, हे सांगायला आजारापूर्वीचं रक्त लागतं. ते सिल्व्हर स्प्रिंगच्या भांडारात जपलेलं होतं!

हार्वर्डच्या संशोधकांनी १९९३ ते २०१३ मधल्या एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासल्या. आजार झालेले ९५५. त्यातल्या ८०१ जणांचं सीरम मिळालं. ३५ जणांच्या पहिल्या कुपीत विषाणूची खूण, म्हणजे त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी, नव्हती. त्यातल्या ३४ जणांना आजार सुरू होण्याआधी त्याची लागण झाली. लागण झाल्यावर आजाराचा धोका ३२ पट. याच्यासारख्याच लाळेतून पसरणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या विषाणूने मात्र तो वाढला नाही.

(दृश्य : ॲनिमेशन)
विषाणूच्या ईबीएनए-१ प्रथिनाचा हा तुकडा बघा, आणि मेंदूतल्या ग्लियलकॅम या प्रथिनाचा हा. रचना इतकी मिळतीजुळती, की एकासाठी बनलेली अँटीबॉडी दुसऱ्यालाही चिकटते. स्टॅनफर्डच्या गटाला ती रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यातल्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींमधून मिळाली. सगळ्याच रुग्णांत ती नसते.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. नजर, तोल, चाल बिघडते. विषाणू असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही.

(दृश्य : ट्रे परत आत जातो, लेबल जवळून)
साध्या शाईचं लेबल दवाने पुसतं. तारीख गेली, की सीरम शाबूत असलं तरी आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे त्या कुपीवरून कळत नाही.