टायमिंग मिळालं? मग किक मारण्याआधी दोन फेरे हाताने

नमस्कार मंडळी, इंदूरहून. इंजिन खोलायचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून रोज विचारताय, "दादा, बांधणार कधी?" आज बांधतोय. टेबलावर आहे माझ्या आतेभावाच्या स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन.

खालचं काम भराभर सांगतो, कारण ते तुम्हाला येतं. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) बसला, केस बंद झाली, ब्लॉक बोअर होऊन आला, पिस्टन ०.२५ मिलीमीटर ओव्हरसाइझ. 'आयएन' लिहिलेली बाजू इनटेककडे. रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत. पिनचं लॉक नवीनच घ्या, आणि बसवताना केसच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर लॉक थेट खाली क्रँकपाशी जातं. हेडचे नट तिरपे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. आणि पॅकिंगवर सिलिकॉनचा थर देऊ नका हो! दाबल्यावर तो आतल्या बाजूला निघतो, त्याचे तुकडे तुटतात आणि ऑइलच्या जाळीत अडकतात. पॅकिंग नवीन आणि दोन्ही बाजू स्वच्छ असल्या की गळत नाही.

आता टायमिंग, म्हणजे क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ; दोघांना इंजिनच्या आतली चेन जोडते. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकावरचं चाक) 'टी', म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, केसच्या खुणेसमोर आणायची, कॅम स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर, मग चेन चढवायची. बरेच जण इथेच हात पुसतात. तुम्ही थांबा. प्लग काढा, मॅग्नेट हाताने धरा आणि घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा.

दोनच का? क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. एका कमेंटमध्ये होतं, "एका फेऱ्यानंतर टी आली, पण गोल खूण उलट्या बाजूला गेली, चेन चुकली का?" नाही ताई, चुकली नाही. अजून एक फेरा द्या, गोल खूण वर येईल. त्या वेळी दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. टॅपेटही, म्हणजे वॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची बारीक फट, तिथेच मिळवायचे, इंजिन थंड असताना, ०.०५ मिलीमीटरच्या फिलर गेजने.

दुसरं म्हणजे, टेन्शनरचा (चेन ताणून धरणारा भाग) जोर आला की चेनची ढिलाई निघते आणि मघाशी बरोबर दिसलेली खूण सरकलेली दिसते. समजा कॅम स्प्रॉकेटला २८ दात आहेत. एक दात चुकला तर कॅमवर जवळपास १३ अंश, क्रँकवर २६. गाडी कदाचित सुरू होईलही, पण ओढणार नाही, आणि तुम्ही महिनाभर कार्ब्युरेटर खोलत बसाल.

तिसरं कारण माझ्या हातून झालेलं आहे. मी बांधलेलं पहिलं इंजिन, रामबागेत आमच्या ओसरीवर, बाबांच्या मित्राच्या गाडीचं. चेन तारेने वर बांधून ठेवली नव्हती. ती खाली घसरून क्रँकच्या दातांवर गोळा झाली, ते मला दिसलंच नाही. वरच्या खुणा मिळाल्या म्हणून सरळ किक मारली. किक अर्ध्यात अडली. नव्या रिंगा आहेत, आवळ असणारच, असं समजून मी तिच्यावर उभा राहिलो. आतून बारीक 'टक्' झालं. हेड उतरवून एक्झॉस्ट पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं, तर वॉल्व्हच्या कडेने थेंब झिरपत होते. वॉल्व्ह वाकला होता. काका रागावले नाहीत. सियागंजात जाऊन नवा वॉल्व्ह घेऊन आले आणि मी हेड परत बसवेपर्यंत ओसरीवरच बसून राहिले.

म्हणून फेरा हातानेच. प्लग काढलेला असताना मॅग्नेट कुठेही ठाम अडलं, तर जोर लावू नका. मागे घ्या, चेन परत बघा. हाताच्या जोराने वॉल्व्ह वाचतो, पायाच्या जोराने वाकतो.

कॅमेरा जवळ घेतो. हा पहिला फेरा... टी आली, गोल खूण खाली. दुसरा... मध्ये थोडं जड लागलं, ती वॉल्व्हची स्प्रिंग आहे, बघा, सुटली. टी समोर. गोल खूण खाचेसमोर. टॅपेट दोन्ही किंचित हलतायत. आता इग्निशन बंद ठेवून वीसेक किक मारतो, टॅपेटपाशी ऑइल आलेलं दिसलं की प्लग बसवतो. आलं बघा.