कव्हरखालचं बक्कल

[दृश्य : म्हापसा. सीट कव्हर शिवणाऱ्याचं दुकान. एका गाडीची मागची दोन्ही दारं उघडी.]

गाडी सहा वर्षांची आहे. गणपतीची चवथ तोंडावर आली, म्हणून मालकीणबाईंना मागच्या सीटला नवं रेक्झिनचं कव्हर हवंय. कारागिरानं जुनं कव्हर ओढून काढलं आणि फटीत दडपलेली, सीटबेल्टच्या पट्ट्यांची बक्कलं वर आली. एकावर तर कारखान्यातून आलेलं प्लास्टिकही तसंच होतं. सहा वर्षं या सीटवर आजी बसली, शाळेची दोन मुलं बसली, बांबोळीच्या इस्पितळात न्यायचा आजारी दीर बसला. बक्कल शोधावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

कारागिराला याचं नवल नाही. मागचं बक्कल बाहेर ठेवा असं सांगणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं, असं तो म्हणतो.

[दृश्य : पर्वरीचा महामार्ग, सकाळची गर्दी. कॅमेरा पुढून येणाऱ्या गाड्यांच्या काचांवर.]

पुढच्या दोघांकडे बघा, बहुतेकांच्या छातीवर पट्टा आहे. मागे बघा, जवळजवळ कुणाच्याच नाही. मागच्या सीटला कायदा लागू नाही, असं आम्हाला शिकल्यासवरलेल्या माणसांनीही सांगितलं. तो लागू आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८वा नियम चालकाला, त्याच्या शेजारच्याला आणि पुढे तोंड करून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगतो. २०१९च्या दुरुस्तीनं कायद्यात १९४-ब हे कलम आलं. पट्ट्याविना बसलात तर एक हजार रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या वयाच्या आसनाविना बसवलंत तरी एक हजार. गोव्यात ही वाढीव रक्कम १ एप्रिल २०२२पासून लागू झाली. तेव्हा इथे चर्चा झाली ती तालांव, म्हणजे पोलिसांची दंडाची पावती, किती महाग झाला याची.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता, असं केंद्र सरकारच्या अहवालात नोंदलंय. यातले जवळपास निम्मे चालक होते. उरलेले नुसते बसलेले होते.

[दृश्य : माडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत वर जाणारा कॅमेरा.]

पन्नासच्या वेगानं गाडी भिंतीवर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा दणका दहा मीटरांवरून खाली पडण्याइतका असतो. म्हणजे पाडेली नारळ काढायला चढतो, त्या माडाच्या शेंड्यावरून. पन्नास हा आपल्याला वेग वाटतच नाही. गावातल्या रस्त्यावर आपण सहज तेवढे जातो.

गाडी थांबते, तिचा पुढचा भाग चुरगळतो, पण आतलं माणूस त्याच वेगानं पुढे जात राहतं. पुढे बसलेल्या आईच्या मांडीवर दहा किलोचं बाळ असेल, तर त्या क्षणी ते धरून ठेवायला दीडशे किलो उचलण्याइतकं बळ लागतं. कुठल्याच आईच्या हातांत ते नसतं. मीही लहानपणी आईच्या मांडीवर बसून डिचोलीहून पणजीला जायचो, काचेला नाक लावून. आईनं मला दोन्ही हातांनी धरलेलं असायचं. तिला वाटायचं, तेवढं पुरे.

आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या निल्स बोहलिन या इंजिनियरनं १९५९मध्ये व्होल्वो कंपनीसाठी तयार केला. त्याआधी तो लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होता. दणका शरीराच्या मजबूत हाडांनी झेलावा, कमरेच्या, खांद्याच्या आणि छातीच्या, अशी त्यानं पट्ट्याची मांडणी केली. म्हणून खालचा पट्टा पोटावर न ठेवता खाली, कमरेच्या हाडावर बसवायचा. गरोदर बाईनंसुद्धा पोटाच्या खालूनच घ्यायचा. कंपनीनं ही रचना इतरांनाही वापरू दिली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पट्टा लावल्यानं गाडीतल्या माणसाचा मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो.

[दृश्य : जुना झुआरी पूल, खाली भरतीचं पाणी.]

गोव्यात फिरताना एक भीती वारंवार ऐकली. गाडी पाण्यात पडली तर? पट्ट्यात अडकून बुडायचं? जुलै २०२२मध्ये या पुलाचा कठडा तोडून एक गाडी नदीत गेली, चौघं गेले. पुलावरून जाताना आजही लोक त्याची आठवण काढतात. भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. फेरीबोटीवर गाडी चढवताना पट्टा सोडून काचा खाली करणारे चालक आहेत, आणि तिथे, माणूस चालेल त्या गतीनं, ते शहाणपणाचंच आहे. पण वेगातली गाडी आधी कठड्यावर आदळते, मग उंचावरून पाण्यावर. त्या दोन दणक्यांनंतर जो शुद्धीवर असेल, तोच पट्ट्याचं लाल बटण दाबून बाहेर पडायची धडपड करू शकतो. शुद्धीवर राहण्याची संधी पट्टाच देतो.

[दृश्य : अस्नोड्याजवळचा रस्ता, कडेला बसलेली गुरं.]

जीव माझा, मग सक्ती सरकारची का? हा प्रश्न जगभर विचारला गेला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७०मध्ये सक्ती केली. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला आणि पुढच्या सीटची सक्ती १९८३मध्ये आली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढांवर ती आजही नाही. हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. पण मागचं माणूस मोकळं बसलं, तर धडकेत ते पुढच्याच्या पाठीवर सत्तर किलोंच्या ओझ्यासारखं आदळतं. त्यात जीव पुढच्याचाही जातो, आणि त्यानं तर पट्टा लावलेला असतो.

मला सक्ती हवी आहे, त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या घरातलं आहे.

काही वर्षांपूर्वी थोरल्या मामाला घेऊन मी डिचोलीहून म्हापशाला निघालो. मामा मागे बसला. पट्टा लाव म्हणावं असं मनात आलं, पण जीभ रेटली नाही. वडीलधाऱ्याला कसं सांगायचं? मला गाडी चालवता येत नाही, असा अर्थ तर निघणार नाही? इथे, अस्नोड्याजवळ, गुरं आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडीला ओरखडाही आला नाही. मामाचा चष्मा पुढच्या सीटवर फुटला आणि भुवईवर सहा टाके पडले. तो मला एका शब्दानं बोलला नाही. ते आजही मला जास्त लागतं.

पुढच्या सीटवर हा संकोच आता उरलेला नाही. ‘पोलीस तालांव देतील, लाव रे’ म्हटलं की सासराही पट्टा ओढतो, कुणाला राग येत नाही. सांगणारा भाचा नसतो, कायदा असतो. मागच्या सीटसाठीही मला तेच वाक्य हवंय. ते हवं असेल, तर तपासणी मागच्या सीटचीही व्हायला हवी. गेली तेवीस वर्षं मी या रस्त्यांवर गाडी चालवतोय. मागच्या पट्ट्याबद्दल मला एकदाही कुणी थांबवून विचारलेलं नाही.

[दृश्य : पालघर जिल्हा, सूर्या नदीवरचा पूल.]

४ सप्टेंबर २०२२. उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी इथे दुभाजकाला धडकली. मागे बसलेले दोघे गेले, त्यांनी पट्टे लावले नव्हते. पुढचे दोघे वाचले. त्याआधी, जून २०१४मध्ये, दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेही मागच्याच सीटवर होते. दोन्ही वेळी काही आठवडे देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. त्याच काळात बाजारात पट्टा न लावल्यावर वाजणारा बझर गप्प करणाऱ्या क्लिपा खुलेआम मिळत होत्या. मे २०२३मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तेव्हा १३,११८ जाहिराती उतरल्या.

गोव्यात रस्त्यावर मरणाऱ्यांत बहुतांश दुचाकीवरचे असतात, त्यांना हा पट्टा उपयोगाचा नाही. जत्रेला पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीनं उभ्या राहणाऱ्यांनाही नाही. एकाला पट्टा लावायला लावणाऱ्या सरकारनं दुसऱ्याकडे डोळेझाक करू नये, एवढं मी इथे म्हणेन. त्यांच्यासाठी वेगळी फिल्म करायची आहे.

[दृश्य : पुन्हा म्हापसा, संध्याकाळ.]

नवं कव्हर चढलंय. कारागिरानं ब्लेडनं चिरा पाडल्या, कडा दुमडून शिवल्या आणि प्रत्येक चिरेतून एकेक बक्कल वर काढलं. मालकीणबाईंनी आजींना सोबत आणलंय. आजी मागे बसतात, पट्टा छातीवरून ओढतात आणि पट्ट्याच्या टोकाची धातूची जीभ हातात धरून विचारतात, ‘‘हें खंय लावपाचें?’’

कारागीर वाकतो आणि त्यांचा हात धरून बक्कलापाशी नेतो.