वाटेवर पडलेलं बी

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जुलैचा पाऊस. भातशिवारात खोळा पांघरून भांगलण करणाऱ्या बायका. थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज.)

निवेदन:
शिवारात जायच्या आधी यातल्या एका मावशींनी बायबलच्या वाचनावरचं आजचं मनन लिहून ठेवलंय.

(दृश्य: पहाट, स्वयंपाकघर. वीज गेलेली. बॅटरीच्या उजेडात बायबल, दोनशे पानी वही, निळं पेन.)

मावशी आधी मोठ्यानं वाचतात. दोनदा. आजची वाचनं त्यांनी निवडलेली नाहीत, कोणत्या दिवशी बायबलमधलं काय वाचायचं ते सांगणाऱ्या कॅथलिक वाचनक्रमात ती ठरलेलीच आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या जागतिक सभेनंतर, १९६९ साली हा क्रम नव्यानं लावला गेला. शुभवर्तमानं म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं. त्यांचा रविवारचा फेरा तीन वर्षांचा: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरच्या दिवसांत. सामान्यकाळात, म्हणजे नाताळ-ईस्टरचे काळ सोडून उरलेल्या वर्षात, इतर दिवशी शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं, पहिलं वाचन मात्र सम-विषम वर्षांप्रमाणे बदलतं. आज विषम वर्षातल्या सोळाव्या आठवड्याचा बुधवार. निर्गम १६, रानात देवानं दिलेलं अन्न, मान्ना. आणि मत्तय १३, पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा.

निवड आपल्या हातात नाही, हेच या पद्धतीचं बळ. मोकळीक असती तर आपण सगळे तेविसाव्या स्तोत्राच्या हिरव्या कुरणातच बसून राहिलो असतो.

(दृश्य: वहीवर जवळून. इथे शॉट तोडू नये.)

समासात तारीख आणि संदर्भ. मग वाचनातली एकच ओळ उतरवून घ्यायची: ‘काही बी वाटेवर पडले.’ खाली एक ओळ कोरी. पेन बराच वेळ थांबतं.

(मावशींच्या आवाजात, वहीतून)
‘धूळवाफ पेरणीला आम्ही चाड्यावर मूठ धरतो. दाणा तासातच पडाय पाहिजे, बियाणं उसनं आणलेलं असतंय. हा कसला शेतकरी, वाटेवर, खडकावर, काट्यांत बी टाकतो? का प्रभू, तुला ठाऊकच होतं? मी तुडवून तुडवून घट्ट झालेली वाट. तरी तू मूठ आवळली नाहीस.’

निवेदन:
प्रवचनाच्या पुस्तकातला उतारा वहीत उतरवला, तर दाखला कळतो. पण त्यात आपलं शेत येत नाही, आणि आपलं शेत आल्याशिवाय त्याला मनन म्हणू नये. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या गिगो नावाच्या मठवासीयानं वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढचं मौन अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली. मावशींनी त्याचं नाव ऐकलेलं नाही. पण वही बघा: उतरवलेली ओळ, मग पेरणीचा हिशेब, मग थेट प्रभूलाच विचारणं. चौथी पायरी कागदावर येत नाही. पेन खाली ठेवल्यावर मावशी तिथं पोचतात.

(दृश्य: वह्यांची चळत. पानांच्या कडा दमटलेल्या.)

रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, ही पानं बायकांच्या गटात वाचली जातात. दोघी-तिघींनी आपापल्या वह्या घातल्यात. कानडी शाळेत शिकणाऱ्या नातीला आजीचं अक्षर लागत नाही, म्हणून ती आजीचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून ठेवते.

(दृश्य: मावशी पुढचं पान उघडतात.)

उद्या भांगलणीला लवकर निघायचंय, म्हणून गुरुवारची तारीख आजच पडली. मत्तय १३, दहावं वचन. शिष्य येशूला विचारतात, तुम्ही लोकांशी दाखल्यांनी का बोलता? मावशींनी प्रश्न उतरवून घेतलाय आणि खाली लिहिलंय: ‘मलाबी हेच विचारायचं होतं.’