शेखिना : वनवासात सोबत येणारी

शुक्रवारची संध्याकाळ कलते, तेव्हा यहुद्यांच्या अनेक प्रार्थनामंदिरांत, म्हणजे सिनेगॉगांत, ‘लेखा दोदी’ हे गीत सुरू होते आणि त्याचे शेवटचे कडवे आले की सारी मंडळी दाराकडे तोंड करून किंचित झुकतात. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस; त्याला वधू मानून केलेले हे स्वागत असते. इस्राएलच्या उत्तरेकडच्या गालीलमधल्या साफेद या डोंगरावरच्या गावात श्लोमो अल्काबेत्स यांनी 16व्या शतकात हे गीत रचले आणि कडव्यांच्या आद्याक्षरांत स्वतःचे नाव गुंफले. त्याच गावात कब्बालाचे, म्हणजे यहुदी गूढविद्येचे, आचार्य इसहाक लुरिया आपल्या शिष्यांसह शब्बाथला सामोरे जाण्यासाठी शेतात जात. या साधकांच्या लेखी ती वधू म्हणजे शेखिना, देवाचे या जगातले सान्निध्य.

‘वस्ती करणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूपासून हा शब्द आला आहे. हिब्रू बायबलमध्ये ‘शेखिना’ हे नाम कुठेही येत नाही. क्रियापद मात्र येते. निर्गमाच्या 25व्या अध्यायात देव सांगतो की माझ्यासाठी पवित्रस्थान बांधा, म्हणजे मी तुमच्यामध्ये वस्ती करीन. रानात उभारलेल्या त्या निवासमंडपाचे ‘मिश्कान’ हे नाव याच धातूचे. पुढे यरुशलेमचे मंदिर दोनदा पाडले गेले, आणि घर गेल्यावर त्यात राहणारा कुठे गेला, या प्रश्नाला तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी पंडितांच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, शिमोन बार योखाय या पंडितांच्या नावाने एक उत्तर येते : इस्राएल जिथे जिथे हद्दपार झाले, मिसरात असो वा बाबेलात, तिथे तिथे शेखिना त्यांच्याबरोबर गेली. आजाऱ्याच्या उशाशीही ती असते, असे तालमूद म्हणते.

तालमूदच्या पंडितांसाठी हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी होता, एवढेच. त्यांनी एखादी स्त्री कल्पिलेली नव्हती. 12व्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदेस यांनी तर शेखिनेला देवाने निर्माण केलेले तेज म्हटले. शब्दाला रूप आले ते कब्बालात. 12व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये प्रकट झालेल्या ‘बाहिर’ या ग्रंथात आणि पुढे शंभरेक वर्षांनी स्पेनमधल्या कास्तीलमध्ये उदयाला आलेल्या ‘झोहार’ या ग्रंथात देवाच्या दहा आविष्कारांपैकी शेवटचा आविष्कार कन्या होतो, वधू होतो, राणी होतो, आणि मुलांसाठी रडणारी बायबलमधली राहेलही होतो. 1492 साली स्पेनमधून यहुद्यांना घालवून दिले गेले, त्यांच्यापैकी अनेकांची कुटुंबे साफेदला येऊन वसली होती. ज्यांचे स्वतःचे घर सुटले होते, त्यांना आपल्यासारखीच बेघर झालेली शेखिना किती जवळची वाटली असेल! मध्यरात्री उठून तिच्या वनवासासाठी शोक करण्याचा विधी त्यांनी रुजवला. मला या साऱ्या परंपरेचे हृदय इथेच दिसते.

शब्दाचे लिंग आणि ईश्वराचे रूप यांचा हाच प्रश्न ख्रिस्ती विचारात पवित्र आत्म्यापाशी येतो. आत्म्यासाठीचा हिब्रूतला शब्द ‘रुआख’ बहुधा स्त्रीलिंगी, ग्रीकमधला ‘न्यूमा’ नपुंसकलिंगी आणि लॅटिनमधला ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी. लॅटिन बायबलचे भाषांतरकार जेरोम यांनी बायबलमधल्या यशया या ग्रंथावरच्या भाष्यात याच तीन लिंगांवर बोट ठेवून सांगितले की ईश्वरात लिंगभेद नाही. ‘ती भिंत’ आणि ‘ते दार’ एकाच दमात म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे सहज पटेल, कारण लिंग शब्दाला असते, वस्तूला असतेच असे नाही, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे.

तरीही भाषा निव्वळ निमूटपणे वाहत नाही, ती कल्पनेला वळणही देते. सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेत आत्म्याला ‘रुखा’ म्हणत आणि तो शब्द स्त्रीलिंगी होता. त्या भाषेतले आरंभीचे ख्रिस्ती लेखक आत्म्याला ‘ती’ म्हणत, आणि चौथ्या शतकातल्या अफ्राहात यांनी अविवाहित पुरुषाविषयी लिहिताना देवाला त्याचा पिता आणि पवित्र आत्म्याला त्याची माता म्हटले. प्रेषित थोमा भारतात गुदनाफर राजाकडे आल्याची कथा सांगणाऱ्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात तर आत्म्याला ‘दयाळू माते, ये’ अशी आळवणी आहे. इसवी सन 400च्या सुमारानंतर मात्र सिरियाक लेखकही या शब्दाला हळूहळू पुल्लिंगी वापरू लागले. व्याकरण मोडून केलेला हा बदल पाहिला की त्या स्त्रीलिंगाला केवळ व्याकरण म्हणून सोडून देणे मला अवघड जाते. मातेची प्रतिमा पश्चिमेकडे दुसऱ्या वाटेने परतली : 14व्या शतकात इंग्लंडमधल्या नॉर्विच इथल्या ज्युलियन या साध्वीने येशूलाच आई म्हटले.

मुळात, आई आपल्या तान्ह्याला विसरेल काय, असे विचारणारा देव यशयाच्या 49व्या अध्यायातच आहे. दयेसाठी हिब्रूत ‘रहामीम’ हा शब्द आहे आणि गर्भाशयासाठी ‘रेहेम’. दोन्हींची मुळाक्षरे एकच. यांतला ‘रहामीम’ हा शब्द मुंबईतही भेटतो. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे मुंबईतले पहिले सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली उभारले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी ते बांधले, असे परंपरा सांगते. बेने इस्राएल त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. पुढे त्या वास्तूला जे हिब्रू नाव मिळाले ते आहे ‘शार हारहामीम’, दयेचे द्वार.